नारपोलीची शीव आणि संगणकांतील नकाशे

भिवंडी तालुका हा मूळचा भाताचा व गवताचा. त्यांतील नारपोली हें गांव आतां भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेच्या पोटांत गेलें असून यंत्रमागांचा खडखडाट तेथें अहोरात्र चालू असतो. मागल्या पावसाळ्यानंतर कांहीं कामानिमित्त आम्ही त्या बाजूस गेलों असतां, "नारपोलीची हद्द कोठपर्यंत?" असा सहज प्रश्न केला. तिघांस विचारलें आणि तीन उत्तरें मिळालीं. एका वृद्ध गृहस्थांनीं मौजे नारपोलीची जुनी शीव सांगितली, म्हणजे गांवनकाशावर सर्व्हे नंबरांच्या बाहेरून जाणारी रेघ. एका दुकानदारानें महानगरपालिकेचे प्रभाग सांगितले. गोदामावरील पहारेकऱ्यानें तर काल्हेर, पूर्णा, राहनाळ हीं गांवेंही नारपोलींतच घातलीं. कारण त्याच्या हिशेबीं नारपोली म्हणजे नारपोली पोलीस ठाणें. तिघांपैकीं कोणीही चुकला नव्हता.

घरीं परतल्यावर हीच हद्द संगणकावर पाहावी म्हणून आम्हीं जो उद्योग केला, त्यांत जें कांहीं शिकावयास मिळालें तें आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों. हा विषय शेतकी मासिकाचा नव्हे असें कोणी म्हणेल. परंतु आज शेतकऱ्याचें नफानुकसान पुष्कळ अंशीं हद्दीच्या रेघेवर अवलंबून आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टि धरितात, आणि तो पाऊस आपल्या बांधावरचा नसून महसूल मंडळांतील पर्जन्यमापकावरचा असतो. पंतप्रधान पीकविमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली; तींतही भातासारख्या मुख्य पिकाची नुकसानी आपल्या राज्यांत बहुतकरून महसूल मंडळ हा घटक धरून ठरते. मग आपलें शेत कोणत्या मंडळांत, शेजारच्या मंडळाची रेघ किती अंतरावर, आणि आपल्या नांवें धरलेला पर्जन्यमापक ओढ्याच्या अलीकडे कीं पलीकडे, हें नकाशावर दाखवितां येणें हें सभासदांच्या हिताचें आहे कीं नाहीं, याचा विचार वाचकांनींच करावा.

एके काळीं मोठ्या प्रमाणाचे नकाशे, त्यांतून किनाऱ्यालगतच्या मुलखाचे, सामान्य माणसाच्या हातीं पडणें दुरापास्त होतें. सर्व्हे ऑफ इंडिया हें खातें १७६७ पासूनचें. परंतु त्याच्या कपाटाच्या किल्ल्या शेतकऱ्याकडे कधीं नव्हत्या. २००५ सालच्या नकाशा-धोरणानें दार थोडें किलकिलें केलें, आणि १५ फेब्रुवारी २०२१ रोजीं निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनीं नकाशे व मोजणीची माहिती यांवरील पुष्कळसे परवाने काढून टाकले. आतां त्या खात्याच्या संकेतस्थळावर नांव नोंदविलें असतां राज्य, जिल्हा, तालुका व गांव यांच्या सीमारेषा विनामूल्य उतरवून घेतां येतात. परदेशांतील विद्यापीठांनींही साऱ्या जगाच्या अशा रेषा गोळा करून ठेविल्या आहेत. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेंत उभा राहिलेला 'गॅडम' हा संच प्रसिद्ध आहे. विल्यम अँड मेरी कॉलेजाचा 'जिओबाउंडरीज' हा दुसरा. देश ही शून्य पायरी, राज्य पहिली, जिल्हा दुसरी, तालुका तिसरी, अशी त्यांची मांडणी असते.

रेषा उतरवून घेण्याचे दोन मार्ग आहेत. एक बोटानें: संकेतस्थळ उघडावें, देश निवडावा, पायरी निवडावी, कळ दाबावी, आलेली फाईल क्यूजीआयएस नांवाच्या विनामूल्य साधनांत उघडावी. एकदांच पाहावयाचें असेल तर हा मार्ग पुरेसा आहे. दुसरा मार्ग आज्ञावलीचा. संगणकास समजणाऱ्या भाषेंत पांच-सहा ओळी लिहून ठेवावयाच्या. तो त्या वाचतो, फाईल स्वतः आणतो, हवा तेवढा तुकडा कापतो व आपल्यापुढें ठेवतो. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेली पायथॉन ही भाषा याकामीं फार वापरली जाते. संख्याशास्त्रज्ञांची 'आर' नांवाची भाषा आहे, तींत 'जिओडेटा' या पुरवणीच्या साहाय्यानें गॅडममधील देशाचें नांव व पायरी सांगतांच नकाशा हजर होतो. आम्हीं पायथॉन घेतली, कारण ती शिकणारा एक महाविद्यालयीन तरुण शेजारींच मिळाला.

दुसऱ्या मार्गाचा खरा लाभ श्रम वांचण्यांत नाहीं, तो कीर्दखतावणीचा आहे. बोटानें केलेलें काम बोटाबरोबर जातें. सहा महिन्यांनीं ही रेघ कोठून आणली, कोणता भाग गाळला, हें कोणास सांगतां येत नाहीं. आज्ञावलींत मात्र प्रत्येक पायरी लिहिलेली राहते. कोणत्या पत्त्यावरून फाईल आणली, त्यांतून राज्य महाराष्ट्र, जिल्हा ठाणें, तालुका भिवंडी असे तुकडे कसे निवडले, हें सर्व वहींतल्यासारखें दिसतें. पुढील वर्षीं नवी फाईल निघाली तर तीच आज्ञावली पुन्हां चालवावी. चूक सांपडली तर ती कोणत्या ओळींत आहे हें दाखवितां येतें. ज्यांनीं सहकारी सोसायटीचे हिशेब तपासले आहेत त्यांस याचें महत्त्व सांगावयास नको.

त्या तरुणानें लिहिलेल्या ओळी अशा होत्या. पहिलींत 'जिओपांडाज' नांवाची पुरवणी बोलाविली. दुसरींत फाईल वाचली. वाचल्यावर ती एखाद्या नमुन्याच्या तक्त्याप्रमाणें दिसते, एका ओळीस एक तालुका, रकान्यांत राज्य, जिल्हा, तालुका अशीं नांवें, आणि अखेरच्या रकान्यांत हद्दीच्या प्रत्येक वळणाचे अक्षांश-रेखांश. तिसरींत भिवंडीची ओळ वेगळी काढली. चौथींत अंशांचे मीटर केले, पांचवींत क्षेत्रफळ काढलें आणि सहावींत चित्र उमटविलें. इतकेंच काम; पण तें पहिल्या दिवशीं एकदांही नीट झालें नाहीं.

पहिली फजिती शेपफाईलची. हें नांव एकाच फाईलचें वाटतें, पण ती चार-पांच फाईलींची जुडी असते: एकींत आकृति, एकींत अनुक्रम, एकींत नांवांचा तक्ता, एकींत मोजणीची पद्धत. आम्हीं त्यांतील आकृतीचीच तेवढी दुसऱ्या संगणकावर नेली, आणि एका चाकाची गाडी जशी चालावी तशी ती चालली. दुसरी फजिती नांवांची. मराठी नांवांच्या जागीं प्रश्नचिन्हांची रांग आली. युनिकोडमध्यें वाचावयास सांगितल्यावर अक्षरें उमटलीं. तिसरी फजिती याहून गमतीची. नारपोली सुमारें १९.३ उत्तर अक्षांशावर व ७३ पूर्व रेखांशावर आहे. आपण बोलतांना अक्षांश आधीं म्हणतों. संगणकाच्या पुष्कळ नकाशा-फाईली मात्र रेखांश आधीं मागतात. आम्हीं नेहमींच्या क्रमानें आंकडे घातले, आणि आमच्या स्नेह्यांचें भाताचें खाचर नॉर्वेच्या उत्तरेस थंडगार समुद्रांत जाऊन बसलें!

क्षेत्रफळाच्या ओळीनें तर आम्हांस अर्धा दिवस खाल्ला. ठाणें जिल्ह्याचें क्षेत्रफळ ०.३६ असें उत्तर आलें. हे ना एकर, ना हेक्टर, ना चौरस मैल. शेवटीं उलगडा झाला कीं संगणकानें चौरस अंश मोजले होते. पृथ्वी गोल असल्यामुळें अंशाची लांबी सर्वत्र सारखी नसते. भिवंडीच्या आसपास उत्तर-दक्षिण एक अंश सुमारें १११ किलोमीटर, तर पूर्व-पश्चिम एक अंश सुमारें १०५ किलोमीटर भरतो. म्हणून मोजणीपूर्वीं आकृति मीटरांच्या जाळ्यावर आणावी लागते. जगाचे असे पट्टे पाडलेले आहेत. कोंकण व देश ४३ व्या पट्ट्यांत येतात, नागपूर ४४ व्यांत; आमच्या विदर्भांतील वाचकांनीं येथें डोळस असावें.

या क्षेत्रफळाचा एक मोठा उपयोग हातीं लागला. तो असा. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचे दोन भाग होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा व विक्रमगड हे आठ तालुके तिकडे गेले. ठाणें, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, उल्हासनगर व अंबरनाथ हे सात इकडे राहिले. अखंड ठाण्याचें क्षेत्र ९,५५८ चौरस किलोमीटर होतें. आतांचें ४,२१४ व पालघरचें ५,३४४. म्हणजे कोणीही 'ठाणें' नांवाची आकृति पुढें केली तर तिचें क्षेत्रफळ काढावें. साडेनऊ हजारांच्या घरांत आलें तर ती जुनी, सव्वाचार हजारांच्या जवळ आलें तर नवी. फाईलीवर लिहिलेल्या तारखेपेक्षां ही कसोटी खात्रीची, कारण फाईल काल चढविलेली आणि आंतील रेघ पंधरा वर्षांपूर्वींची, असा प्रकार सर्रास आढळतो. ज्या संचांचा पाया २०११ ची जनगणना हा आहे, त्यांत पालघर असणारच नाहीं. त्या जनगणनेंत देशांतील सर्वांत अधिक लोकवस्तीचा जिल्हा म्हणून ठाण्याची नोंद झाली, ती एक कोट दहा लाखांवर वस्ती अखंड जिल्ह्याची होती. आजच्या हद्दीवर तो आंकडा बसविला तर दर चौरस किलोमीटरास माणसांची जी दाटी निघेल ती केवळ कल्पित होय.

जनगणनेपूर्वीं कांहीं काळ सरकार हद्दी गोठवितें, एवढ्याच साठीं कीं मोजणी चालू असतां गांव इकडचें तिकडे होऊं नये. २०२७ च्या जनगणनेकरितां ३१ डिसेंबर २०२५ नंतर हद्दींत बदल करूं नयेत असें राज्यांस कळविण्यांत आलें. तेव्हां यापुढें दीर्घकाळ जे नकाशे चलनांत राहतील ते त्या दिवसाचें चित्र दाखवितील. नंतर जें बदलेल तें राजपत्रांत शोधावें लागेल. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या चौथ्या कलमान्वयें जिल्हा, तालुका व गांव यांच्या सीमा राजपत्रांतील अधिसूचनेनेंच बदलतात. संगणकावरील रेघ ही त्या अधिसूचनेची नक्कल; मूळ नव्हे.

नांवांवर भरंवसा ठेवून दोन तक्ते जोडूं नयेत, हा धडा आम्हीं पैसे न मोडतां घेतला, तो वाचकांनींही घ्यावा. इंग्रजी अक्षरांत भिवंडीचें नांव कोणी 'डब्ल्यू' घालून लिहितो, कोणी 'व्ही' घालून; संगणकास तीं दोन निराळीं गांवें. वडगांव व पिंपळगांव तर राज्यांत किती आहेत याची गणती नाहीं. औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर, उस्मानाबादचें धाराशिव व अहमदनगरचें अहिल्यानगर झालें, तें जुन्या फाईलींस ठाऊक नाहीं. यावर उपाय अंकांचा. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्राचा अंक २७, ठाण्याचा ५१७, आणि प्रत्येक गांवास सहा आंकड्यांचा अंक दिलेला आहे. केंद्र सरकारच्या पंचायत राज मंत्रालयाची दुसरी सूचि आहे, तिचे अंक वेगळे. कोणती सूचि धरली तें वहींत प्रथम लिहावें आणि मग जोडणी करावी.

आतां आमच्या मूळ हेतूकडे येतों. महसूल मंडळाची रेघ जगाच्या संचांत मिळत नाहीं. ते तालुक्यापाशीं थांबतात. पण मंडळ म्हणजे कांहीं सजांचा समूह आणि सजा म्हणजे कांहीं गांवांचा. तेव्हां गांवांच्या आकृति घ्याव्या, तहसील कचेरींतून मंडळवार गांवांची यादी आणावी, ती अंकांवरून आकृतींस जोडावी, आणि एकाच मंडळाच्या गांवांमधल्या शिवा पुसून बाहेरची रेघ ठेवावी अशी आज्ञा द्यावी. जिओपांडाजमध्यें या आज्ञेचें नांव 'डिझॉल्व्ह' असें आहे, म्हणजे विरघळविणें. मधले बांध नांगरून टाकून चार खाचरांचें एक करावें तसेंच हें. रेघ तयार झाली म्हणजे तींत पर्जन्यमापकाचा ठिपका व सभासदांच्या शेतांचे ठिपके घालावे. आमच्या स्नेह्यांचें शेत त्यांच्या मंडळाच्या मापकापेक्षां शेजारच्या मंडळाच्या मापकास जवळ निघालें. यानें त्यांस एक पैही अधिक मिळाली नाहीं, कारण नियम मंडळाचा आहे, अंतराचा नाहीं. परंतु पुढच्या खेपेस अर्ज करतांना त्यांच्या हातांत कागद असेल. नुसती तक्रार नसेल.

येथें एक इशारा दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आमच्या परिचयाच्या दोघां शेजाऱ्यांत शिवेवरील बांधावरून तंटा उभा राहिला. एकाच्या मुलानें मोबाईलवर अशीच उतरविलेली गांवची रेघ दाखविली. ती दुसऱ्याच्या खाचरामधून जात होती. बांध फोडण्यापर्यंत गोष्ट गेली. आतां ही रेघ काय योग्यतेची आहे तें आपल्या मापानें पाहूं. मुंबई इलाख्याच्या मोजणींत साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद तो एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे तो एकर. म्हणजे जुन्या मोजणीदाराचा एक आणा सुमारें दोन फुटांचा, आणि टिपणांत तो आणे लिहीत असे. उलटपक्षीं, पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर २५ मीटर व्यापते, म्हणजे अडीच साखळ्या. दहा लाखांस एक या प्रमाणाच्या नकाशावरून घेतलेली रेघ असेल तर तीच जाडी ५०० मीटर, म्हणजे जवळजवळ पन्नास साखळ्या! संगणकाचें कपट असें कीं, चित्र कितीही मोठें केलें तरी रेघ बारीकच राहते. कागदावर भिंगाखालीं ती जाड दिसली असती व माणूस सावध झाला असता.

म्हणून तालुका, मंडळ, पाऊस, रस्ता, धरण यांचा विचार करण्यास ही रेघ चांगली. बांधाचा निवाडा करण्यास ती मुळींच उपयोगी नाहीं. बांधाकरितां भूमि अभिलेख खात्याची मोजणी, टिपण, फाळणी व गटाचा नकाशा हींच खरीं साधनें. तीं खातींही आतां शंकुसाखळी व फलकयंत्र सोडून उपग्रहाच्या आधारें मोजणाऱ्या यंत्रांकडे वळलीं आहेत, आणि 'महाभूनकाशा' या संकेतस्थळावर गटांचे नकाशे घरबसल्या पाहावयास मिळतात. पण तेथेंही पाहिलेला नकाशा व जागेवर झालेली मोजणी यांत भेद आहे. त्या दोघां शेजाऱ्यांनीं अखेर मोजणीचा अर्ज दिला. बांध अद्याप जागेवर आहे.

फाईल विनामूल्य मिळाली म्हणून ती वाटेल तशी वापरण्यास मोकळी होत नाहीं. गॅडमचा संच अभ्यासास खुला आहे, पण तो विकण्यास अगर पुन्हां वांटण्यास परवानगी लागते. जिओबाउंडरीजच्या अटी सैल आहेत. शिवाय परदेशी संचांत काश्मीर व अरुणाचल यांच्या बाजूची देशाची सीमा निराळी काढलेली असते. १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाप्रमाणें सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशीं न जुळणारी भारताची सीमा छापणें हा गुन्हा आहे. संघाच्या अहवालांत अगर लग्नपत्रिकेच्या मागेंसुद्धां (असा एक नमुना आम्हीं पाहिला आहे) देशाचा नकाशा घालावयाचा तर तो त्या खात्याचाच घ्यावा. भिवंडीच्या तुकड्यास ही भीति नाहीं.

राहतां राहिली नारपोली. तालुक्याची आकृति मिळाली, महानगरपालिकेची मिळाली. पोलीस ठाण्याच्या हद्दीसाठीं गांवांची यादी जोडून ढोबळ आकृति करितां आली. मौजे नारपोली मात्र गांवांच्या तक्त्यांत आलें नाहीं. शहरांत गेलेलें गांव जनगणनेच्या धर्तीच्या संचांत स्वतंत्र राहत नाहीं, शहराच्या सलग आकृतींत विरघळून जातें; वर सांगितलेली आज्ञा तेथें कोणी आधींच देऊन ठेविलेली असते. सातबारा व मिळकतपत्रिका यांच्या कामीं मात्र मौजे नारपोली हें नांव जिवंत आहे. तेव्हां त्या वृद्ध गृहस्थांची शीव हवी असेल तर गांवनकाशाची नक्कल घेऊन, तीवरील ठळक खुणा, जसे तळें, देऊळ, तीन गांवें मिळतात तेथील दगड, आजच्या अक्षांश-रेखांशांशीं जुळवून रेघ हातानेंच गिरवावी लागेल.

आमच्या कचेरींत भिंतीवर एक कागद लावला आहे. त्यावर तालुका काळ्या शाईनें, महानगरपालिका तांबड्या व पोलीस ठाणें निळ्या शाईनें काढलें असून खालीं प्रत्येक रेघ कोठून घेतली, कोणत्या वर्षाची व कोणत्या सूचीच्या अंकांवरून जोडली हें लिहिलें आहे. हिरव्या शाईची जागा मौजे नारपोलीसाठीं राखून ठेविली आहे. गांवनकाशाच्या नकलेचा अर्ज दिला आहे; ती आली म्हणजे खुणा जुळविण्यास त्या गृहस्थांनीं स्वतः येण्याचें कबूल केलें आहे.